एफटीपीत 9,998 फायलीच दिसतात, मग बाकीचे फोटो गेले कुठे?

मालवणहून एका तरुणाने विचारलं आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: गावची जत्रा, दशावतार, रापण, पडायला आलेली चौसोपी घरं असे सुमारे 8,000 फोटो सहा-सात वर्षांत जमवून वर्डप्रेसच्या वेबसाइटवर ठेवले आहेत. सगळे एकाच ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये. एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फायली दुरून पाहायच्या-उतरवायच्या जुन्या पद्धतीने, उघडलं की 9,998 फायली दिसतात आणि पुढे काहीच नाही. होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमधलं चाक नुसतं फिरत राहतं. होस्टिंगवाले म्हणतात फायलींच्या संख्येची मर्यादा संपत आली, काहीतरी काढा. आणि पावसात लाईट गेली की अर्धवट राहिलेलं अपलोड पहिल्यापासून करावं लागतं. ‘ताई, फोटो डिलीट झाले का? आणि आता मी नेमकं काय काढू?’

फोटो गेलेले नाहीत. हे आधी सांगते, कारण या भीतीतच माणूस पुढची चूक करतो.

9,998 हा आकडा मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो दिसला की मला सर्व्हरवरचा एफटीपीचा प्रोग्रॅम ओळखता येतो. पुष्कळ स्वस्त होस्टिंगवर प्युअर-एफटीपीडी नावाचा प्रोग्रॅम असतो. त्याच्या मांडणीत एका यादीत जास्तीत जास्त 10,000 नोंदी दाखवायच्या असं आधीच ठरवलेलं असतं. त्यांतल्या दोन नोंदी म्हणजे एक टिंब आणि दोन टिंबं, म्हणजे ‘हे फोल्डर’ आणि ‘याच्या वरचं फोल्डर’. उरल्या 9,998. तुमच्या फाईलझिलाच्या, म्हणजे एफटीपीसाठीच्या प्रोग्रॅमच्या, वरच्या चौकटीत संदेश सरकत असतात, त्यांत नीट पाहा, ‘आउटपुट ट्रंकेटेड टू 9998 मॅचेस’ अशी ओळ सापडेल. यादी कापली गेली आहे, फायली जागेवर आहेत.

धोका वेगळाच आहे. तुम्ही त्या एफटीपीतून पूर्ण फोल्डर घरच्या डिस्कवर ओढून घेतलं असेल आणि ‘बॅकअप झाला’ म्हणून निश्चिंत असाल, तर तुमच्याकडे फक्त तेवढ्याच 9,998 फायली आल्या आहेत. प्रोग्रॅम तक्रार करत नाही. त्याला दिसलं तेवढं त्याने आणलं. अशा अर्ध्या बॅकअपवर लोक वर्षानुवर्षं विसंबून असतात. म्हणून घरची प्रत आजच तपासा. आणि तोवर एफटीपी प्रोग्रॅममधलं ‘सिंक्रोनाइझ’ किंवा तुलनेचं कुठलंही बटण दाबू नका. कापलेल्या यादीशी तुलना केली तर निकालही चुकीचाच येणार.

त्याच फाईलझिलामध्ये प्रोटोकॉल बदलून एसएफटीपी केलं तर यादी पूर्ण येते. तो एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरवर थेट आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीवरून, चालतो, ही मर्यादा त्याला लागू नाही, शिवाय साध्या एफटीपीसारखा पासवर्ड उघड्यावर जात नाही. पण यादी पूर्ण आली तरी ती यायला वेळ लागणारच, आणि एवढ्या फायली माऊसने निवडून हलवणं हे काम नव्हे. फायली जिथे आहेत तिथे जाऊन काम करायचं. होस्टिंगकडे एसएसएच मागा. सी-पॅनल (होस्टिंगचं नियंत्रण-पान) असेल तर ‘टर्मिनल’ नावाचं चिन्ह असतं का बघा, नसेल तर विनंती पाठवा. एसएसएच अजिबात मिळत नसेल तर होस्टिंग बदला, हे मी नि:संकोच सांगते. हजारो फोटो खिडकीतून हात घालून सांभाळता येत नाहीत.

आत गेल्यावर पहिलं काम मोजणी. आमच्याकडे हापूसच्या पेट्या बागेतून निघताना मोजतात आणि वाशीला उतरल्यावर पुन्हा मोजतात, मधल्या ट्रकवाल्यावर कितीही भरवसा असला तरी. तसंच इथे. यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेने मोजू नका. ‘एलएस’ सगळी नावं आधी गोळा करतो, मग वर्णक्रमाने लावतो, आणि बहुतेक ठिकाणी रंग दाखवण्यासाठी प्रत्येक फाईलची चौकशीही करतो. म्हणून मोठ्या फोल्डरमध्ये तो गप्प बसलेला दिसतो. फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला सांगा, या फोल्डरमधल्या फक्त फायली दे, आणि त्याचं उत्तर पाइपने (उभ्या रेघेने) ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी डॅश एल’ला द्या. काही सेकंदांत एक आकडा येईल. तो तारखेसह वहीत लिहा. खरंच वहीत.

माझा अंदाज, तो आकडा 64,000 च्या आसपास असेल. फोटो 8,000 असताना 64,000 कसे, हे कळलं की होस्टिंगच्या तक्रारीचंही उत्तर मिळतं. वर्डप्रेसला तुम्ही एक मोठा फोटो देता तेव्हा ते त्याच्या लहान प्रती बनवून ठेवतं: 150 चा चौकोनी थंबनेल, 300, 768, 1024, आणि 2019 मध्ये आलेल्या 5.3 आवृत्तीपासून 1536 आणि 2048. झाल्या सहा. फोटो 2560 पिक्सेलांपेक्षा मोठा असेल तर ‘स्केल्ड’ शेपटाची आणखी एक प्रत, आणि तुमचा मूळ फोटो. एकूण आठ. आठ गुणिले 8,000. थीमने किंवा दुकानाच्या प्लगिनने स्वतःचे आकार जोडले असतील तर त्याहून जास्त.

होस्टिंगवाले मोजतात ते इनोड. इनोड म्हणजे डिस्कवरची फाईलची नोंद. ही नोंद फाईलच्या आकारावर अवलंबून नाही. आपल्याकडे दहा एकरांच्या बागेचाही सातबारा आणि भावाभावांत वाटून उरलेल्या गुंठाभर हिश्शाचाही सातबारा. तलाठ्याच्या दप्तराला जागा तेवढीच लागते. दहा केबीचा थंबनेल आणि दहा एमबीचा मूळ फोटो यांना प्रत्येकी एकच इनोड. म्हणून ‘जागा तर अजून अर्धी शिल्लक आहे, मग हे ओरडतात का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे, की जागा शिल्लक आहे, नोंदी संपत आल्या आहेत. मोठे फोटो लहान करून, वेबपी या हलक्या प्रकारात बदलून इनोड वाचत नाहीत. उलट वेबपीचे काही प्लगिन जेपेग तसाच ठेवून शेजारी दुसरी फाईल बनवतात, म्हणजे संख्या दुप्पट. हे करण्याआधी विचार करा.

कुठल्या फोल्डरमध्ये किती नोंदी आहेत ते बघायला ‘डीयू’ला ‘डॅश-डॅश इनोड्स’ हा पर्याय द्या. बऱ्याचदा खरा दोषी फोटोंचं फोल्डर नसतंच. कॅशेच्या प्लगिनने साठवलेली पानं किंवा जुन्या बॅकअप प्लगिनने उलगडून ठेवलेली प्रत सापडते. ते काढणं फोटो काढण्यापेक्षा सोपं आणि बिनधोक.

आता एक मत मांडते, पुष्कळ जण याच्या उलट सांगतील. एका फोल्डरमध्ये 64,000 फायली आहेत म्हणून वेबसाइट हळू चालत नाही. लिनक्स सर्व्हरवर बहुतेक वेळा ईएक्सटी4 फाईलसिस्टम असते, तिच्यात फोल्डरची अनुक्रमणिका हॅशने केलेली असते. वाचक एक विशिष्ट फोटो नावाने मागतो, तो नावाने लगेच सापडतो, फोल्डरमध्ये सहाशे फायली असोत वा साठ हजार. हळू होतं ते ‘सगळी यादी दाखव’ म्हटल्यावर. म्हणजे त्रास तुम्हाला आहे, वाचकाला नाही. त्यामुळे केवळ नीटनेटकेपणासाठी जुने फोटो वर्षावार फोल्डरांत हलवू नका. प्रत्येक फोटोचा पत्ता वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये आहे, तुमच्या लेखांच्या मजकुरात आहे, गूगलकडे आहे आणि ज्यांनी ज्यांनी दुवा कुणाला पाठवला त्यांच्याकडे आहे. मुंबईला गेलेल्या एखाद्या चाकरमान्याने आजीच्या घराचा फोटो पाच वर्षांपूर्वी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला असेल. तो दुवा मोडायचा हक्क आपल्याला नाही, असं मी मानते. नव्या फोटोंसाठी मात्र आजच सेटिंग्जमध्ये ‘मीडिया’त जाऊन महिना-वर्षानुसार फोल्डरांचा पर्याय चालू करा. मुळात तो चालूच असतो, तुमच्याकडे कुणीतरी कधीतरी बंद केला आहे. जुनं जिथे आहे तिथे राहू दे, नवं वळणाला लागू दे.

संख्या मात्र कमी करायलाच हवी. सहा आकारांपैकी सगळे लागत नाहीत. गावाकडचे वाचक फोनवर बघतात, त्यांच्यासाठी 768 आणि 1024 महत्त्वाचे. 2560 ची ‘स्केल्ड’ प्रत असताना 2048 ची गरज नाही, आणि 1536 शिवायही चालतं. हे दोन बंद केले की प्रत्येक फोटोमागे दोन, म्हणजे 16,000 फायली कमी. 64,000 च्या 48,000. थंबनेल, 300 आणि 1024 हे आकार सेटिंग्जमध्ये शून्य लिहून बंद होतात. 768, 1536, 2048 यांना तिथे चौकट नाही, त्यांच्यासाठी दोन ओळींचा कोड किंवा छोटा प्लगिन लागतो. आकार बंद केल्यावर नवे फोटो कमी फायली बनवतील, पण जुन्या प्रती आपोआप जात नाहीत. त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय नावाचं टर्मिनलवरचं साधन आहे. त्यात ‘मीडिया रीजनरेट’ला ‘डॅश-डॅश डिलीट-अननोन’ हा पर्याय दिला की ज्या आकारांची आता नोंद नाही तेवढ्याच प्रती ते काढतं आणि डेटाबेसमधली नोंदही सुधारतं.

हे काम हाताने, नावांवरून करायचा मोह होईल. ‘ज्यांच्या नावात 1536 आहे त्या फायली उडव.’ करू नका. फोनवर उभा काढलेला तीनास चार प्रमाणाचा फोटो 2048 च्या आकारात येतो तेव्हा त्याचं शेपूट ‘1536 गुणिले 2048’ असं असतं. तीनास दोन प्रमाणाच्या आडव्या फोटोची 1536 ची प्रत ‘1536 गुणिले 1024’, आणि आडव्याचीच 1024 ची प्रत ‘1024 गुणिले 683’. नावातला आकडा रुंदीचा की उंचीचा हे फोटो उभा की आडवा यावर ठरतं, म्हणून नमुना जुळवताना हवी ती प्रतही जाते. आणि काढण्याआधी डेटाबेसमध्ये शोध घ्या, एखाद्या लेखात थेट 2048 चीच प्रत चिकटवलेली नाही ना.

तरीही हाताने काही काढायची वेळ आलीच, कॅशेच्या जुन्या फायली समजा, तर पुसणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेपुढे तारा (*) लावून चालणार नाही. ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असं उत्तर येतं. कारण तारा म्हणजे शेल (तुमची आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) स्वतः सगळी नावं एका ओळीत लिहून देतं, आणि लिनक्सवर या ओळीची मर्यादा साधारण 2 एमबी असते. सरासरी 35 बाइटांची 64,000 नावं म्हणजे 22 लाख बाइट, ओळ फुटली. ‘फाइंड’ला ही अडचण नाही, तो एकेक नाव हाताळतो. पण ‘फाइंड’मध्ये एक सुरा दडलेला आहे. त्याच्या अटी डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात. ‘डॅश डिलीट’ हा शब्द नावाच्या अटीच्या आधी लिहिलात तर तो अट वाचायच्या आत सगळं पुसत जातो. म्हणून सवय अशी लावा: आधी ‘डिलीट’ न लिहिता आज्ञा चालवायची, आलेली यादी फाईलमध्ये साठवायची, ती मोजायची, मधली वीस-तीस नावं डोळ्यांनी वाचायची, मग त्याच आज्ञेच्या अगदी शेवटी ‘डॅश डिलीट’ जोडायचं. मी तर थेट पुसतही नाही. त्याच डिस्कवर वेबच्या बाहेर एक फोल्डर करते आणि महिनाभर फायली तिथे हलवून ठेवते. त्याच फाईलसिस्टममध्ये हलवणं म्हणजे फक्त नोंदीचा पत्ता बदलणं, हजारो फायलींनाही वेळ लागत नाही. महिन्यात कुणी ‘चित्र दिसत नाही’ म्हटलं नाही तर मग पुसते. इनोड तेवढा महिना मोकळे होत नाहीत, पण झोप लागते.

बॅकअपकडे येते. इथे थोडं थांबायला हवं, कारण तुमचा पावसाचा प्रश्न इथेच सुटतो.

एफटीपी 1985 च्या नियमावलीवर चालतो आणि प्रत्येक फाईलसाठी नवी जोडणी उघडतो. ‘जागा दे’, ‘ही घे’, ‘फाईल पाठव’, ‘मिळाली’ अशा तीन-चार फेऱ्या प्रत्येक फाईलमागे. तुमचा सर्व्हर अमेरिकेत असेल तर एका फेरीला पाव सेकंद. चार फेऱ्या म्हणजे एक सेकंद, फाईल केवढीही छोटी असो. 64,000 सेकंद म्हणजे जवळजवळ अठरा तास, आणि यात फोटो वाहून नेण्याचा वेळ धरलेलाच नाही. अठरा तास सलग लाईट श्रावणात मालवणात मिळेल का, हे तुम्हीच सांगा.

यासाठी आरसिंक. 1996 साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो लिहिला, तो मंद आणि दूरच्या जोडणीवरून दोन संगणकांवरच्या फायली सारख्या ठेवण्यासाठीच. तो दोन्हीकडच्या याद्या ताडून पाहतो आणि जे नाही तेवढंच आणतो, सगळं एकाच जोडणीतून. मध्ये लाईट गेली तर परत तीच आज्ञा द्यायची. आलेल्या फायलींना तो हातही लावत नाही. ‘डॅश-डॅश पार्शल’ लिहिलं की जोडणी तुटली तरी अर्धी आलेली मोठी फाईलही तो टाकून देत नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यातून वापरा.

चार गोष्टी लक्षात ठेवा. ‘डॅश ए’ द्या, त्यात फाईलची वेळही जपली जाते. वेळ जपली नाही तर पुढच्या खेपेला त्याला सगळ्या फायली बदललेल्या वाटतात आणि सगळ्या पुन्हा तपासत बसतो. दाबून पाठवणारा ‘डॅश झेड’ नको, जेपेग आधीच दाबलेला असतो, प्रोसेसर फुकट तापतो. सर्व्हरकडच्या फोल्डरच्या नावाला शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर येतो, नाही दिली तर फोल्डरसकट येतो. इथे चुकलं की घरी ‘अपलोड्स’च्या आत आणखी एक ‘अपलोड्स’ तयार होतं. आणि घरातल्या इतरांना इंटरनेट उरावं म्हणून ‘बीडब्ल्यूलिमिट’ने वेग बांधा.

लहान प्रती आणायच्याच नसतात हेही बघा. त्या मूळ फोटोवरून पुन्हा बनवता येतात. ‘एक्सक्लूड’मध्ये ‘डॅश, आकडे, एक्स, आकडे’ हा नमुना दिला की फक्त मूळ आणि ‘स्केल्ड’ येतील, 64,000 ऐवजी 16,000 फायली. फक्त आधी कोरडी फेरी मारून बघा, एखाद्या मूळ फोटोचंच नाव ‘दशावतार-4x6’ असलं काही ठेवलेलं नाही ना. कोरडी फेरी म्हणजे ‘डॅश-डॅश ड्राय-रन’: काय करणार ते सगळं सांगतो, करत काहीच नाही. सरासरी 5 एमबीचे 8,000 मूळ फोटो म्हणजे 40 जीबी. ‘स्केल्ड’ धरून 50 जीबी समजू. 20 एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला अडीच एमबी, म्हणजे साडेपाच तास. पावसाळी दिवसांत दोन-तीन तुकड्यांत होऊन जाईल.

‘डॅश-डॅश डिलीट’ हा पर्याय मात्र सुरुवातीला वापरूच नका. त्याने उगमाकडे जे नाही ते दुसरीकडूनही पुसलं जातं. माझ्या हातून हे झालं आहे. घरच्या बाहेरच्या डिस्कवरून सर्व्हरवर फोटो चढवत होते, डिस्कची वायर सैल होती, डिस्क जोडलीच गेली नव्हती आणि तिच्या जागी एक रिकामं फोल्डर होतं. आरसिंकने रिकामं फोल्डर प्रमाण मानलं आणि सर्व्हरवरचे एका ग्राहकाचे 11,000 फोटो पुसायला सुरुवात केली. मला कळेपर्यंत तीन हजारांहून अधिक गेले होते. डिस्क शाबूत होती म्हणून परत चढवता आले, पण त्या रात्री जे हात गार पडले ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून ‘डिलीट’बरोबर ‘मॅक्स-डिलीट’चा आकडा लिहितेच, शंभर वगैरे, त्याहून जास्त पुसायची वेळ आली तर तो थांबतो.

सर्व्हरवरचीच लांब कामं, ‘रीजनरेट’ वगैरे, ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ नावाच्या प्रोग्रॅमच्या आत सुरू करा. तुमच्याकडची लाईट गेली, लॅपटॉप बंद झाला, तरी तिकडचं काम चालू राहतं. परत जोडून पाहिलं की जिथे सोडलं तिथून दिसतं.

आता नावं. हा भाग मराठी माणसाने तरी मनापासून वाचावा, कारण बाहेरच्या मार्गदर्शिकांत हा सापडत नाही.

‘किनाऱ्यावरचे घर’ असं फाईलचं नाव तुम्ही ठेवलंत. यातला ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब. तीन, ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर बहुतेक ठिकाणी तिन्ही एकसारखे दिसतात. लिनक्स मात्र नाव बाइटांनी ओळखतो, त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाईलसिस्टम तर पहिल्या प्रकाराचं नाव स्वतःहून दुसऱ्या प्रकारात मोडून ठेवायची. म्हणजे मॅकवरून फोटो आणून सर्व्हरवर चढवला की लेखातला दुवा एका ‘ऱ्या’चा आणि फाईल दुसऱ्या ‘ऱ्या’ची. चित्र दिसत नाही, आणि कितीही वेळा नाव वाचलं तरी चूक सापडत नाही. दर्याकिनारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या फोटोंत ‘वाऱ्याने’, ‘किनाऱ्याला’ हे शब्द पदोपदी येतात, त्यामुळे मला हा घोळ दर वर्षी कुठेतरी भेटतो. दोन मॅक-लिनक्स यंत्रांत आरसिंकला ‘आयकॉन्व्ह’ पर्यायाने हे रूपांतर करायला सांगता येतं.

लांबीचाही प्रश्न आहे. फाईलचं नाव 255 बाइटांपर्यंत, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 85 चिन्हांत नाव संपतं. वेबच्या पत्त्यात हेच नाव टक्क्याच्या खुणांनी लिहिलं जातं तेव्हा एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा अर्धं पान व्यापतो. माझं सांगणं एवढंच, की फाईलचं नाव रोमन लहान अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ द्या. आणि मराठी हवं तिथे, म्हणजे शीर्षकात, ओळखीत, पर्यायी मजकुरात भरभरून लिहा. वाचणारा माणूस तिथेच वाचतो, गूगलही तिथेच शोधतो.

कॅमेऱ्याने दिलेलं नाव तसंच ठेवू नका. कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या पद्धतीत चार आकडी क्रमांक 9999 ला संपतो आणि पुन्हा 0001 पासून सुरू होतो. जत्रेला दोघांनी एकाच कंपनीच्या कॅमेऱ्याने फोटो काढले तर एकाच क्रमांकाच्या दोन फायली सहज होतात. वर्डप्रेसमधून चढवलं तर ते दुसऱ्याच्या नावापुढे ‘1’ लावून वाचवतं. एफटीपीने चढवताना ‘ओव्हरराइट’ला होय म्हटलं की पहिला गेला. एक्झिफटूल नावाचं मोफत साधन फोटोच्या आतली तारीख-वेळ वाचून नाव देतं, वर्ष-महिना-दिवस आणि मग तास-मिनिट-सेकंद. एका सेकंदात दोन फोटो आले तर पुढे क्रमांक लावायला सांगा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे मात्र जत्रेला निघण्याआधी बघायचं. आणि शेवटचं शेपूट ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत की लहान, ते एकच ठेवा. विंडोजला दोन्ही सारखे, लिनक्सला नाहीत.

त्याच एक्झिफटूलने आणखी एक काम करा. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात. वर्डप्रेस लहान प्रतींतून ही माहिती सहसा काढतं, पण मूळ फाईल सर्व्हरवर तशीच असते आणि पत्ता ओळखला तर कुणालाही उतरवता येते. बंद घरातलं देवघर, देवराईतल्या जुन्या मूर्ती, कासवाची घरटी अशा फोटोंवरचं ठिकाण वेबवर चढवण्याआधी पुसा. घरच्या मूळ प्रतीत मात्र ते राहू द्या. वीस वर्षांनी ते घर उभं नसेल तेव्हा ते नेमकं कुठे होतं, हे त्यावरूनच कळणार आहे.

प्रत आणल्यावर ती खरी आहे का तपासायची. सर्व्हरवर ‘एसएचए256सम’ने प्रत्येक फाईलची खूण काढून यादी करा, ती यादी घरी आणा आणि ‘डॅश सी’ देऊन घरच्या फायलींशी ताडा. एक बाइट जरी बदलला असेल तरी नावानिशी सांगतो. तत्पूर्वी ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या फायली शोधा; लाईट गेलेल्या रात्रींची ती खूण असते.

आणि ही प्रत कुठे ठेवाल? मी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या ऑफिसच्या कपाटात सहा हार्डडिस्क होत्या, तळमजल्यावर. सहाच्या सहा चिखलात गेल्या. त्यांतल्या चारांवरचं सगळं दूरच्या सर्व्हरवर होतं, ते परत आलं. उरलेल्या दोनांवर एका फोटो स्टुडिओचं जुनं काम होतं, लग्नं, मुंजी, शाळांचे वार्षिक फोटो. ‘पुढच्या आठवड्यात चढवू’ म्हणून ठेवलेलं. स्टुडिओही त्याच पाण्यात बुडाला होता. त्या काकांना सांगायला गेले तेव्हा ते दुकानातला चिखल उपसत होते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फावडं उचललं. म्हणून म्हणते, एक प्रत सर्व्हरवर, एक तुमच्या घरी माळ्यावर, आणि एक पुण्या-मुंबईच्या कुणा नातेवाइकाकडे. गणपतीला तो गावी येतो तेव्हा डिस्क आणेल, तुम्ही आरसिंक चालवाल, परत जाताना घेऊन जाईल. वर्षाला एकदा पुरे, मधल्या काळातलं बाकी दोन ठिकाणी असतंच.

आज रात्री फक्त मोजणी करा. सर्व्हरवरचा आकडा, घरच्या डिस्कवरचा आकडा, आणि कुठल्या फोल्डरमध्ये किती. काहीही पुसू नका. तिन्ही आकडे कळवा. घरचा आकडा 9,998 निघाला तर आकार बंद करणं वगैरे मागे ठेवून आधी पूर्ण प्रत आणायची आज्ञा मी तुमच्या फोल्डरांच्या नावांसकट लिहून देते.